स्त्रीपर्वाविना युद्ध

मुलांच्या हातीं काय द्यावें व काय देऊं नये, हा प्रश्न वाङ्मयटीकेइतकाच जुना आहे. प्लेटोनें आपल्या आदर्श राज्याची मांडणी करतांना कवींचा विचार केला, तो प्रथम याच अंगानें केला. आयांनीं व दायांनीं मुलांस कोणत्या कथा सांगाव्या, देवांच्या आपसांतील लढाया त्यांच्या कानीं पडूं द्याव्या कीं नाहीं, येथून त्याच्या विचारास आरंभ होतो. आपल्याकडे भरतानें नाट्यशास्त्रांत युद्ध, मरण, राज्यभ्रंश, नगराचा वेढा हीं अंकांत प्रत्यक्ष न दाखवितां प्रवेशकाच्या द्वारें सुचवावीं, असा दंडक घातला. तेव्हां वधाचें दर्शन कोणास, किती व कोणत्या रीतीनें घडावें, ही चिंता आजची नव्हे. नवें आहे तें इतकेंच कीं, ज्या कृतीविषयीं ती आज करावयाची, ती कृति पुस्तक नव्हे, नाटक नव्हे, चित्रपटहि नव्हे. ती मोबाइलच्या कांचेवर चालणारा खेळ आहे, आणि तींत मूल हें प्रेक्षक नसून कर्ता आहे.

प्रवरेच्या कांठीं वसलेलें आमचें बेलापूर कांहीं मोठें शहर नव्हे. ‘बेलापूर’ या नांवाचें रेल्वे स्टेशनसुद्धां गांवांत नसून श्रीरामपुरास आहे. परंतु या नव्या खेळांस स्टेशन लागत नाहीं कीं सडक लागत नाहीं. ‘पबजी’ हा खेळ २०१८ सालीं मोबाइलवर आला, आणि पुण्यामुंबईच्या मुलांचा तो जितका झाला तितकाच उंसाच्या पट्ट्यांतील मुलांचाहि झाला. पुढें मार्च २०२० मध्यें साथीमुळें शाळा बंद झाल्या, पाटीची जागा मोबाइलनें घेतली, आणि ज्या घरांत तोंवर मुलांस त्या यंत्रास हात लावूं देत नसत त्या घरांतहि तें त्यांच्या स्वाधीन करावें लागलें. शाळा पुन्हां उघडल्या; यंत्र मात्र पुरतें परत आलें नाहीं. तेव्हांपासून आम्हांस भेटणारे पालक मुलाच्या गुणांविषयीं जितकें विचारतात तितकेंच त्याच्या खेळांविषयींहि विचारूं लागले आहेत. त्यांच्या तीन तऱ्हा आमच्या पाहण्यांत आहेत. कांहीं जण रागाच्या भरांत यंत्र हिसकावून घेतात व दोन दिवसांनीं कंटाळून परत देतात. कांहींना मूल डोळ्यांसमोर आहे, उन्हांत भटकत नाहीं, एवढ्यावरच समाधान असतें. तिसरे, बहुधा शिकलेले, खेळाच्या नांवाखालीं छापलेला वयाचा आंकडा पाहतात व त्यावर निर्णय देतात. या तिघांत एक गोष्ट समान आहे: त्यांपैकीं बहुतेकांनीं तो खेळ पाहिलेला नसतो. पुस्तक न वाचतां त्याचें परीक्षण लिहिणारास आपण काय म्हणतों, तें वाचकांस ठाऊक आहेच.

हा निर्णय सरकारनें किंवा न्यायालयानें करून टाकावा, अशी अपेक्षा पुष्कळांनीं केली. २०१९ च्या आरंभीं अकरा वर्षांच्या एका मुलानें आपल्या आईच्या मार्फत मुंबई उच्च न्यायालयांत याचिका करून पबजीवर बंदी मागितली. त्याच सुमारास गोव्याच्या एका मंत्र्यांनीं या खेळास घरोघर शिरलेल्या राक्षसाची उपमा दिली, आणि गुजराथेंत राजकोटच्या पोलिसांनीं तो खेळणाऱ्या कांहीं विद्यार्थ्यांस अटकहि केली. बंदी अखेर आली ती २ सप्टेंबर २०२० रोजीं. पण पबजीसह ११८ ॲपांवर घातलेल्या त्या बंदीचें कारण देशाची सुरक्षितता व सार्वभौमत्व हें होतें, मुलाचें मन हें नव्हतें. जुलै २०२१ मध्यें तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ असें नांव घेऊन परत आला, जुलै २०२२ मध्यें पुन्हां काढला गेला, आणि मे २०२३ मध्यें पुन्हां सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांविषयीं कायदा केला. त्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर आहे. राज्यसत्ता या खेळांच्या दारांत इतक्या वेळां येऊन गेली, पण आईबापांचा प्रश्न तिनें सोडविला नाहीं. तो सोडविणें तिला साधेल असेंहि आम्हांस वाटत नाहीं. अमेरिकेंत कॅलिफोर्निया राज्यानें हिंसक खेळ अल्पवयी मुलांस विकण्यास मनाई करणारा कायदा केला होता. २०११ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द ठरविला, आणि बहुमताचा निकाल लिहितांना न्यायमूर्ति स्कॅलिया यांनीं ग्रिमबंधूंच्या परीकथांतील क्रौर्याकडे बोट दाखविलें. मुलांच्या वाङ्मयांत वध पहिल्यापासून आहे, हा त्यांचा मुद्दा खरा आहे. पण तो वध तेथें कसा आहे, हा टीकाकाराचा प्रश्न न्यायासनापुढें येत नाहीं. तो घरांतच सोडवावा लागतो.

उरला तो वयाचा आंकडा. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीं मंडळास दाखवावा लागतो, व २०२३ च्या दुरुस्तीनें त्याच्या प्रमाणपत्रांत सात, तेरा व सोळा अशा वयाच्या पायऱ्याहि आल्या आहेत. मोबाइलवरील खेळांचे आंकडे निराळ्या रीतीनें ठरतात. खेळ तयार करणारानेंच एक प्रश्नावली भरावयाची: रक्त दिसतें काय, मनुष्यावर प्रहार होतो काय, शिवीगाळ आहे काय. त्या उत्तरांवरून आंकडा निघतो. ही पद्धति निरुपयोगी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठीइतका तिचा उपयोग आहेच. परंतु तिला हिंसेचें प्रमाण कळतें, हिंसेचा अर्थ कळत नाहीं. पबजीच्या नव्या भारतीय आवृत्तींत रक्ताचा रंग बदलून हिरवा करण्यांत आला, त्यावरून हें उघड होतें. गोळी तीच, नेम तोच, पडणारा मनुष्यहि तोच. बदलला तो फक्त डाग. आमच्या मतें या बदलानें खेळ सौम्य झाला नाहीं, उलट अधिक शंकास्पद झाला. तांबडें रक्त पाहून लहान मुलाच्या अंगावर निदान शहारा तरी येतो. हिरवें रक्त त्या शहाऱ्याचीहि सोय ठेवीत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, हा सारा बाऊ आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा एका सबंध पिढीनें वडिलांच्या नजरेआड वाचल्या, आणि ती पिढी कांहीं खुनी निघाली नाहीं. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनें २०२० सालीं पूर्वींच्या संशोधनाचा पुन्हां आढावा घेतला, तेव्हां ओरडणें, ढकलाढकली अशा आक्रमकतेशीं हिंसक खेळांचा लहानसा पण विश्वासार्ह संबंध तिला दिसला; मात्र प्रत्यक्ष हिंसाचाराचें खापर या खेळांवर फोडण्यास पुरावा अपुरा आहे, असेंहि तिनें बजावलें. तेव्हां पबजी खेळणारा मुलगा उद्यां बंदूक घेऊन निघेल, ही भीति आम्ही बाळगीत नाहीं. आमचा प्रश्न निराळा व आमच्या धंद्याचा आहे. दिवसांतून दहा वेळां मारणाऱ्या व दहा वेळां मरणाऱ्या मुलाच्या मनांत ‘मरण’ या शब्दाचा अर्थ काय उरतो, एवढाच तो आहे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. शंभर खेळाडू विमानांतून एका निर्जन बेटावर उतरतात. कोणाच्याहि हातांत कांहीं नसतें; ओसाड घरांतून शस्त्रें, औषधें व चिलखतें शोधावयाचीं. ठराविक वेळानें एक वर्तुळ आकुंचन पावत जातें, आणि जो त्याबाहेर राहील त्याचें बळ झपाट्यानें ओसरतें. शेवटीं जो उरेल तो विजयी. मुलांच्या भाषेंत त्यास ‘चिकन डिनर’ मिळालें. या रचनेंत कौशल्य आहे, हें आधीं मोकळेपणानें कबूल केलें पाहिजे. पात्रांस एकमेकांपासून दूर पळतां येऊं नये म्हणून नाटककारास किती खटपट करावी लागते! येथें एका वर्तुळानें तें काम होतें. स्थलैक्याचा नियम इतक्या निष्ठुरपणें क्वचितच कोणीं पाळला असेल. शिवाय चौघांची तुकडी करून खेळतांना पडलेल्या सोबत्यास उठविण्यासाठीं मुलगा आपला जीव धोक्यांत घालतो, त्यास आपली दारूगोळ्याची शिदोरी वांटून देतो. हा गुण न पाहतां जो बाप खेळास नांवें ठेवतो, त्याचें पुढचें बोलणें मुलगा ऐकत नाहीं, आणि तें योग्यच आहे.

पण याच रचनेचें मूळ शोधीत गेलें म्हणजे तिच्यांत काय गळालें तें दिसूं लागतें. या खेळाचे आद्य रचनाकार ब्रेंडन ग्रीन यांस स्फूर्ति झाली ती ‘बॅटल रॉयल’ या जपानी चित्रपटापासून. कौशुन ताकामी यांच्या १९९९ च्या कादंबरीवरून फुकासाकू यांनीं तो २००० सालीं काढला, आणि त्यावर जपानच्या संसदेंतहि वाद झाला. शाळेच्या एका वर्गास सरकार बेटावर नेतें व शेवटीं एकच उरेपर्यंत परस्परांस मारावयास लावतें, असें त्याचें कथानक आहे. अंगावर कांटा आणणारी ही गोष्ट. पण तेथें प्रत्येक मुलास नांव आहे, मागें घर आहे, कोणावर तरी प्रेम आहे, आणि त्यांतील प्रत्येक मरण हें वडील पिढीवरचें आरोपपत्र आहे. खेळानें बेट घेतलें, शस्त्रें घेतलीं, शेवटीं एकानेंच उरण्याचा नियम घेतला. नांवें व आरोपपत्र मात्र तेवढें टाकून दिलें. कादंबरीनें ज्या यंत्राचा धिक्कार केला तेंच यंत्र खेळानें करमणुकीस जुंपलें. रक्ताचा रंग मोजणाऱ्या प्रश्नावलीस हा फरक कधींहि सांपडणार नाहीं. तो टीकाकारासच सांपडतो.

आपल्या मुलांस आपण युद्धकथा सांगत नाहीं असें नाहीं. महाभारताइतका संहार दुसऱ्या कोणत्या ग्रंथांत असेल? पण व्यासांनीं अठरा दिवसांचें युद्ध संपवून लगेच राज्याभिषेक केला नाहीं. मध्यें एक सबंध पर्व त्यांनीं स्त्रियांच्या विलापास दिलें. गांधारी रणभूमि पाहते, एकेका प्रेताकडे बोट दाखवून कृष्णास त्याचें नांव सांगते, आणि त्यांत ज्यांच्या हातून तिचे पुत्र मेले त्या पक्षाचेहि वीर असतात. रामायणांत रावण पडतो, पण त्याच्या उत्तरक्रियेची गोष्ट सांगितल्यावांचून युद्धकांड संपत नाहीं. आजीनें गोष्ट सांगतांना हा भाग कधीं गाळला नाहीं. गदायुद्धांत चढलेला तिचा आवाज गांधारीपाशीं येऊन उतरत असे, आणि त्या उतरलेल्या आवाजानें मुलास जें कळे तें उपदेशानें कळलें नसतें. आमची कसोटी तेथूनच निघते. ज्या खेळांत वध आहे त्यांत स्त्रीपर्व आहे काय, हें आईबापांनीं पाहावें. पबजींत तें नाहीं. मारला गेलेला खेळाडू एक पेटी होऊन पडतो, आणि मारणारा ती उघडून आंतलें सामान घेतो. वारसा आहे, पण शोक नाहीं.

हें सारें खेळांच्या जातींतच आहे, त्यांतून निराळें कांहीं निघणें शक्य नाहीं, असें समजूं नये. पोलंडांतील रचनाकारांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेला ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा खेळ सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला आहे. त्यांत खेळणारा शिपाई नसतो. वेढलेल्या नगरांत अन्नावांचून व औषधावांचून अडकलेल्या सामान्य माणसांस त्यानें जगवावयाचें असतें. एका घरांत एक म्हातारें जोडपें राहतें. त्यांचें अन्न चोरून आणलें तर पोट भरतें, पण चोरून आणणारा घरीं येऊन खिन्न होतो, कामास हात लावीत नाहीं. बळीचें दुःख व बळी घेणाराचा पश्चात्ताप हीं येथें कथेचाच भाग झालीं आहेत. पोलंडच्या सरकारनें २०२० सालीं हा खेळ वरिष्ठ विद्यार्थ्यांच्या वाचनसूचींत घेण्याचें जाहीर केलें, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. मात्र त्यावरील अठरा वर्षांची खूणहि आम्हांस मान्य आहे. वधाचा अर्थ असणें ही एक गोष्ट, आणि तो अर्थ पेलण्याचें वय असणें ही दुसरी. आंकडा दुसरीपुरता बोलतो. पहिलीविषयीं तो मुका आहे.

दुसरी कसोटी आम्ही मराठी टीकेंतूनच घेतों. न. चिं. केळकर यांनीं १९२१ च्या बडोद्याच्या संमेलनांत वाङ्मयानंदास ‘सविकल्प समाधि’ म्हटलें. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशीं एकरूप होतो, तरी आपण आपण आहों हें भान त्याला सुटत नाहीं. आनंद असतो तो या दुहेरीपणांत. खेळणाऱ्या मुलाचेंहि असेंच आहे. दिवाळींत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडणारें मूल लढाई पूर्ण खरी मानतें, आणि जेवावयास हांक येतांच हात धुऊन उठतेंहि. त्याचा विकल्प शाबूत असतो. किल्ल्यास शेवट आहे. दिवाळी सरते व माती अंगणांत मिसळते. पबजीचा एक डाव सुमारें अर्ध्या तासांत संपतो, पण खेळ कधींच संपत नाहीं. रोज आल्याबद्दल रोज बक्षीस, ठराविक महिन्यांनीं नवें पर्व, वेषभूषेसाठीं पैसे, आणि तुकडींतील सोबत्यांच्या हांका. अठरा वर्षांखालील मुलांस दिवसाला तीन तासांची मर्यादा भारतीय आवृत्तीनें घातली आहे. पण ज्या कृतीला आपला शेवट बाहेरून घालून घ्यावा लागतो, तिच्या रचनेंतच कांहीं तरी उणें आहे. जेवणाची हांक ऐकूनहि मूल उठत नसेल, तर समाधि निर्विकल्प झाली असें समजावें. आणि हा दोष वधाशीं बांधलेला नाहीं. ज्यांत एक थेंब रक्त नाहीं असे कित्येक गोजिरवाणे खेळ याच कसोटीस उतरणार नाहींत, आणि ते लहानांच्या हातीं आपण निःशंकपणें देतों.

घरचें उदाहरणहि पाहण्यासारखें आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेनें २०२० सालीं ‘राजी’ हा खेळ काढला. कसरती करणारी एक मुलगी राक्षसांनीं पळविलेल्या आपल्या भावास सोडविण्यास निघते, देवतांचीं शस्त्रें मिळविते व राक्षसांशीं लढते. चित्रांवर पहाडी शैलीची छाया आहे, मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपानें येतात. राक्षसांसाठीं येथेंहि कोणी रडत नाहीं, आणि शेवट आम्हांस घाईनें उरकल्यासारखा वाटतो. पण वधास कारण आहे, खेळास शेवट आहे, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे दुर्गा व विष्णु हे तिच्या प्रवासावर आपसांत बोलत असतात. म्हणजे मूल व वध यांच्या मध्यें कोणी तरी सांगणारा उभा आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलानें तो आईबापांच्या शेजारीं बसून खेळावयास आमची हरकत नाहीं. त्याच पुण्यांतून २०२४ सालीं ‘इंडस’ हा पबजीच्या जातीचा खेळहि निघाला. तेव्हां स्वदेशी कीं परदेशी हा भेद येथें कामास येत नाहीं.

यावर बेलापुरांतील एखादी माता विचारील कीं, दिवसभर शेतांत किंवा दुकानांत राबून आम्हीं या परीक्षा केव्हां कराव्या? खेळाचें नांव इंग्रजी, सूचना इंग्रजी, वयाचा आंकडाहि इंग्रजी पाटीवर. हा प्रश्न खोटा नाहीं. पण कीर्तनांतला बुवा केव्हां रंगला व केव्हां वेळ काढतो आहे, हें जिला कळतें, मालिकेंतील खोटें रडें जी एका क्षणांत ओळखते, तिची रसिकता खेळाच्या दारांत येऊन एकाएकी आंधळी होते, हें आम्ही मानीत नाहीं. तिला इंग्रजी येण्याचें कारण नाहीं. तिनें एक डाव शेजारीं बसून पाहावा, आणि मग मुलास म्हणावें, “आतां मला याची गोष्ट सांग.” ही आमची तिसरी व शेवटची कसोटी. कोण कोणास मारीत होता, कां मारीत होता, मेला त्याचें काय झालें, हें मुलास सांगतां आलें, तर खेळ त्याच्या मनांतून गेला आहे. नुसते आंकडे व शस्त्रांचीं नांवेंच सांगतां आलीं, तर तो फक्त त्याच्या बोटांतून गेला आहे.

सारांश, पबजी व त्याच्या जातीचे खेळ प्राथमिक शाळेच्या मुलांस देऊं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि तें रक्तामुळें नव्हे, तर शोक व शेवट या दोन्ही गोष्टी त्या खेळांत नसून त्या वयाच्या मुलाजवळहि त्या पुरविण्याचें सामर्थ्य नसतें म्हणून. माध्यमिक शाळेंतील मुलास वेळेचा करार करून, आणि आईबापांनीं स्वतः पाहून झाल्यावर, तो देण्यास प्रत्यवाय नाहीं. मात्र देणारानें एक जबाबदारी पत्करून द्यावा. व्यासांनीं जें पर्व ग्रंथांतच लिहून ठेवलें, तें या खेळांच्या कर्त्यांनीं लिहिलेलें नाहीं. तें घरांत कोणीं तरी तोंडीं सांगावें लागेल, आणि तें सांगण्याचा अधिकार कोणत्याहि मंडळास, न्यायालयास किंवा कंपनीस आपल्या वतीनें देतां येत नाहीं.